हीटर प्लग की नोझल? थंडीत न धरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचं दुखणं

जानेवारीत संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण तोडून पाणी सोडलं की वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात सकाळी सकाळी फवारणीची घाई सुरू होते. नवतीवर सिला ही रस शोषणारी कीड दिसायला लागते, आणि वारा पडलेला असतो तो उन्हं चढेपर्यंतच. नेमका तेव्हाच बागेतला छोटा ट्रॅक्टर अडून बसतो. सेल्फ चांगला फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, कच्च्या डिझेलचा वास येतो, पण इंजिन काही धरत नाही.

"भाऊ, नोझल गेले तुमचे, आता काढाच लागते," असं मला एका दुकानात सांगितलं. तिन्ही नोझल काढून दिले, पैसे मोजले, परत बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर तसाच्या तसा. तीनपैकी दोन हीटर प्लग मेलेले होते, आणि ते एका बल्बनं दहा मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून थंडीत कोणी नोझल काढायला निघाला की मी त्याला आधी थांबवतो.

इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या भागात, नोझल आणि हीटर प्लग शेजारी-शेजारीच बसलेले असतात, म्हणून गोंधळ होतो. पंपापासून लोखंडाची जाड नळी ज्याच्यावर येते तो नोझल. उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी बारीक नळीही त्यालाच असते. हीटर प्लग त्याच्यापेक्षा बारीक, बोटाएवढा. त्याच्या डोक्यावर छोटा नट असतो, त्या नटाखाली तिन्ही प्लगना जोडणारी एक पट्टी, आणि पट्टीला एकच जाड वायर. नळी आली तर नोझल, वायर आली तर हीटर प्लग, एवढं साध्या पंपाच्या इंजिनाला पुरतं. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं नोझल उघडणाऱ्या गाड्यांत नोझललाही वायरचा कप्लर असतो, तिथं ही खूण चालत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल पडताच पेटलं पाहिजे. नोझल ते डिझेल धुक्यासारखं फवारतो, आणि इंजिन चालू आहे तोवर त्याला सुट्टी नाही. हीटर प्लगचं काम सुरुवातीपुरतं. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या एका छोट्या पोकळीत पडतं. सकाळी ते थंडगार लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता ओढून घेतं आणि डिझेल पेटायचं राहून जातं. प्लगचं टोक त्या पोकळीत निघालेलं असतं. बॅटरीच्या करंटवर ते लालभडक होतं, 800 अंशांच्या वर जातं, आणि डिझेल तिथं पेट घेतं. मोठ्या ट्रॅक्टरांत बहुतेक डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात फवारलं जातं, त्यांना आपल्या थंडीत हीटर प्लगाची गरज पडत नाही. विहिरीवरच्या हँडलच्या इंजिनालाही तो नसतो. नागपूरचा पारा 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशांवर उतरला होता. अशा सकाळी कोणत्या इंजिनाला प्लग लागतो आणि कोणत्याला नाही, ते लगेच कळतं.

आता दुखणं कोणाचं, ते धूर सांगतो. सकाळी त्रास, एकदा धरलं की मिनिट-दोन मिनिटं ठकठक आणि पांढरा धूर, मग साफ, आणि दुपारी अर्ध्या फेऱ्यात चालू: ही हीटर प्लगाची लक्षणं. नोझल खराब असेल तर इंजिन गरम झाल्यावरही त्रास जात नाही. रोटावेटर लावला की काळा धूर, ताकद कमी, डिझेल जास्त, एखादा सिलिंडर मधूनच चुकतो. सेल्फ मारताना धूरच नसेल तर डिझेल आतच पोचत नाही. तेव्हा डिझेलच्या नळीत हवा धरली का, फिल्टर चोंदला का ते पाहा, नोझल आणि हीटर प्लगला हात लावू नका. बॅटरी ढिली असेल तरी हीटर प्लग गेल्यासारखंच सोंग दिसतं, म्हणून सेल्फ दमदार फिरतो का ते सगळ्यांत आधी पाहायचं.

प्लग तपासायला इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. पट्टी मात्र काढायलाच लागते. ती ठेवून तपासलं तर एक चांगला प्लग बाकीच्या मेलेल्यांचीही साक्ष देतो. बल्बाचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावा. बल्ब लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. मीटर असेल तर चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. त्यानंतर पट्टी परत लावा, चावी हीटरवर धरा आणि पट्टी व इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये बल्ब लावा. इथं उजेड नाही तर प्लग निर्दोष असू शकतात, दोष फ्यूज, रिले किंवा चावीचा. हे न बघता नवे प्लग घेणारे मी पाहिले आहेत.

काढताना घाई केली की प्लग आतच तुटतो, आणि मग हेड उतरवावं लागतं. रात्री आट्यांवर गंज सोडवायचं तेल सोडा. सकाळी इंजिन गरम करून घ्या, भोवतीची माती हवेनं उडवा, आणि लांब सॉकेटनं थोडा पुढे, थोडा मागे असं करत सोडवा. जोर लावायचा नाही. नवा प्लग त्याच व्होल्टेजचा आणि त्याच लांबीचा घ्या. आधी बोटांनीच पूर्ण बसवा, मग पाना. 10 मिमी आट्यांच्या प्लगला साधारण 15 ते 20 न्यूटन-मीटर पुरतं, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. एक गेला असेल आणि तिन्ही सोबतच बसवलेले असतील, तर मी तिन्ही बदलतो.

काढलेल्या प्लगचं टोक उजेडात धरून पाहा. माझ्या दोन मेलेल्यांपैकी एकाचं टोक वितळून फुगलं होतं, जळक्या काडीसारखं. असं टोक दिसलं की त्याच सिलिंडरच्या नोझलवर संशय घ्यायचा. फवारण्याऐवजी थेंब गाळणारा नोझल प्लगच्या टोकाला जाळत राहतो. तेव्हा मात्र नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्टरवर लावून घ्यावाच, आणि परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा घ्यावा. घरी नोझल नळीला लावून हातासमोर फवारा पाहू नका. 100 किलोच्या वर दाब असतो, डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, पण त्यापायी बोट गमवावं लागू शकतं, तडक दवाखाना गाठावा लागतो.

आणि इंजिन धरावं म्हणून एअर क्लिनरपाशी पेटता बोळा धरणं बंद करा. स्टार्टिंग स्प्रे तर हीटर प्लगच्या इंजिनात अजिबात मारू नका, लाल झालेल्या टोकावर तो वेळेआधीच भडकतो आणि पिस्टन फोडतो.