जपानची युद्धोत्तर राज्यघटना

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर, देश दोस्त राष्ट्रांच्या लष्करी अंमलाखाली असताना जपानने स्वीकारलेली लोकशाही राज्यघटना. ३ नोव्हेंबर १९४६ रोजी ती जाहीर झाली व ३ मे १९४७ पासून अंमलात आली. तीत ११ प्रकरणे व १०३ कलमे आहेत. कायद्याच्या भाषेत ती १८८९ च्या मेजी राज्यघटनेची दुरुस्ती ठरते. आशयाने मात्र ती सर्वस्वी नवी आहे. सार्वभौमत्व सम्राटाकडून जनतेकडे आले आणि सम्राट राष्ट्राचे व जनतेच्या ऐक्याचे प्रतीक उरला.

मंत्री मात्सुमोतो जोजी यांच्या सरकारी समितीने केलेल्या मसुद्यांत सम्राटाचे स्थान जवळजवळ जुनेच होते. त्यांपैकी एक १ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘माइनिची’ वृत्तपत्राने छापला, तेव्हा दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती, अमेरिकन जनरल मॅकआर्थर यांनी स्वतःच्या कार्यालयाकडूनच मसुदा करवून घेतला. त्या कार्यालयातील अधिकारी कोर्टनी व्हिटनी व चार्ल्स केडिस यांच्या देखरेखीखाली तो ४ ते १२ फेब्रुवारीदरम्यान पुरा झाला. मसुदा करणाऱ्यांपैकी बावीस वर्षांची बिआते सिरोटा जीपमधून टोकिओतील ग्रंथालये पालथी घालून इतर देशांच्या घटना गोळा करीत होती. विवाह केवळ उभयतांच्या संमतीने व्हावा, हे २४ वे कलम तिच्या मसुद्यातून आले. घटना-अभ्यासक सुझुकी यासुझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेला खाजगी मसुदाही अमेरिकन अधिकाऱ्यांनी अभ्यासला होता.

युद्धाचा त्याग करणाऱ्या ९ व्या कलमाचा जनक कोण, हा वाद अद्याप मिटलेला नाही. २४ जानेवारी १९४६ च्या भेटीत पंतप्रधान शिदेहारा किजुरो यांनीच ही कल्पना मांडली, असे मॅकआर्थर यांनी पुढे सांगितले. १९५७ मध्ये काम सुरू करणाऱ्या घटना-चौकशी आयोगाचे अध्यक्ष ताकायानागी केन्झो यांचाही कल तिकडेच होता. शिदेहारांच्या मंत्रिमंडळातील परराष्ट्रमंत्री व पुढे पंतप्रधान झालेले योशिदा शिगेरु यांना मात्र हे पटत नव्हते. भेटीत दोघांखेरीज तिसरे कोणी नसल्याने निर्णायक पुरावा संभवत नाही. शिदेहारांनी शांततावादाचे तत्त्व बोलून दाखवले आणि त्याचे कलम मॅकआर्थर यांनी केले, हे मधले मत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. या कलमाच्या, सैन्य न ठेवण्याविषयीच्या दुसऱ्या परिच्छेदाच्या आरंभी ‘मागील परिच्छेदातील उद्दिष्ट साधण्यासाठी’ हे शब्द संसदेतील अशिदा हितोशी यांच्या समितीत घातले गेले. स्वसंरक्षणापुरते सैन्य ठेवण्यास या शब्दांनी वाट मोकळी होते, असा युक्तिवाद पुढे झाला.

अमेरिकेने ‘लादलेली घटना’ हे टीकाकारांचे वर्णन मात्र अपुरे आहे. ४ व ५ मार्चला रात्रभर जागून जपानी पाठ तयार करताना जपानी सरकारचे कायदेविषयक अधिकारी सातो तात्सुओ एकेका शब्दासाठी अमेरिकनांशी झगडले. सरकारी पाठात जनतेची इच्छा ‘शिको’, म्हणजे सर्वोच्च, एवढेच मोघम म्हटले होते. संसदेत तेथे ‘शुकेन’, म्हणजे सार्वभौमत्व, हा रोखठोक शब्द आला. मंत्री मुलकी असावेत या अटीसाठी योग्य शब्दच नव्हता, तेव्हा वरिष्ठ सभागृहाने ‘बुनमिन’ असा शब्द घडवला. किमान आरोग्यपूर्ण व सुसंस्कृत जीवनाचा हक्क (कलम २५) समाजवादी सदस्यांच्या आग्रहाने आला. १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले व ३९ स्त्रिया निवडून आल्या. त्याच कनिष्ठ सभागृहाने २४ ऑगस्टला हे विधेयक ४२१ विरुद्ध ८ मतांनी संमत केले.

घटनादुरुस्तीस दोन्ही सभागृहांचे दोन-तृतीयांश बहुमत व नंतर सार्वमत लागते (कलम ९६). अद्याप एकही दुरुस्ती झालेली नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेली स्वसंरक्षण दले ९ व्या कलमाच्या अन्वयार्थाच्या आधारे टिकून आहेत.

भारतीय संविधानाशी या घटनेचा एक थेट धागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ हे शब्द स्वीकारताना जपानच्या ३१ व्या कलमाचा दाखला दिला. आजच्या अनुच्छेद २१ मध्ये ते कायम आहेत.