मळी भुसभुशीत का आणि काळी चिकट का?

"मळीची हायत," एवढंच सांगून शिरोळकडची वांगीवाली भाव उतरवायला नकार देते, आणि गिऱ्हाईकही मुकाट्यानं पिशवी पुढं करतं. मळी म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या अगदी काठची पट्टी. माती हलकी, पायाखाली दबणारी, पाणी झटकन पिणारी. काठ सोडून आत चालू लागलं की काळं रान लागतं. पावसाळ्यात तिथं चिखलाचे लोळ पायाला चिकटतात, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकाच नदीच्या शिवारात एवढा फरक का?

दोन्हीकडच्या गाळाचं मूळ एकच, सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक पावसानं झिजतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती त्याची माती घेऊन उतरतात, आणि प्रयाग चिखलीच्या संगमापासून तिला पंचगंगा म्हणतात. (पाचवी सरस्वती गुप्त आहे, अशी श्रद्धा.)

खरी वाटणी होते ती पुरात. पात्रात पाणी खोल असतं, वेगानं धावतं, म्हणून रेतीही उचलून नेतं. तेच पाणी काठ ओलांडून शिवारात पसरलं की उथळ होतं, उसात-गवतात अडतं आणि त्याचा वेग तिथंच मोडतो. वेग मोडला की जड कण आधी खाली बसतात. बारीक रेती आणि जाडसर पोयटा काठालाच पडतो, तीच मळी. चिकणमातीचे कण मात्र 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान. ते पाण्यात तरंगत आत जातात आणि पाणी साचून राहील तिथं सावकाश बसतात. बेसॉल्टपासून झालेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, म्हणून भेगा.

प्रत्येक पुरात काठावर थोडी भर पडते. त्यामुळं नदीचा काठ मागच्या शेतापेक्षा उंच होत जातो. भूगोलात याला पूरतट म्हणतात. नदी ओसरली तरी शिवारातलं पाणी हटत नाही, याचं एक कारण हेच: परतीच्या वाटेवर काठाचा उंबरा आडवा येतो. दुसरं कारण खाली नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथं कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही आणि फुगवटा मागं कोल्हापूरपर्यंत जाणवतो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी तिच्या वर 10 फुटांहून जास्त चढलं होतं. घराघरांतून बादल्यांनी काढलेला तो मऊ, साबणासारखा गाळ थांबलेल्या पाण्यानंच सोडलेला होता.

मागच्या खोलगट काळ्या रानाचं दुखणं पूर गेल्यावरही संपत नाही. निचरा मुळात कमी, त्यात उसाला पाटानं भरमसाट पाणी. मग भूजल वर चढतं, पाण्याची वाफ होते, क्षार वर राहतात. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी अशाच झाल्या. तिथं खत वाढवून काही साधत नाही, आधी चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते.

मळी विटांसाठी खणून नेतात, हे मला फार लागतं. हातभर पोयटा साठायला कितीतरी पूर लागतात, आणि ट्रॅक्टर तो एका दुपारी उचलतो. जिथं काठ असा खाली बसतो, तिथूनच पुढच्या पुराचं पाणी सगळ्यात आधी शिवारात शिरतं.