डार्ट्समध्ये जितकं पुढे झुकाल तितका नेम पक्का? नाही भो

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठंही डार्टबोर्ड लागला की कोणीतरी सांगतंच, पुढे झुक, बोर्डाजवळ गेलं की नेम बसतो. मनापासून सांगतो, नवीन पोरांचा खेळ यानंच बिघडतो.

नियम असा की बुल, म्हणजे बोर्डाचा मधला ठिपका, जमिनीपासून 1.73 मीटरवर आणि जिथून डार्ट टाकायचा ती लाईन बोर्डाच्या तोंडापासून 2.37 मीटरवर. पाय लाईनीपुढे जायला नको, बाकी अंग झुकवायला बंदी नाही, म्हणून हा समज पसरला. पण जास्त झुकलं की तोल पुढच्या बोटांवर जातो, मागची टाच उचलते, कंबर भरून येते आणि डार्ट सोडताना खांदा हलतो, आणि ट्रिपलची, म्हणजे तिप्पट गुणांची, पट्टी जेमतेम 8 मिमीची, तिथं एवढं हलणं पण पुरतं नेम चुकायला. वीतभर जवळ गेल्याचा फायदा त्यातच गेला.

उजव्या हातानं खेळत असाल तर उजवा पाय पुढे, वजन जास्त त्याच्यावर, पण मागचा पाय टेकलेला पाहिजे. पाऊल एकदम आडवंच ठेवा असंही काही नाही, थोडं तिरपं ठेवून बघा, गुडघा-कंबर जिथं ताणत नाही ती तुमची जागा. झुका, पण थोडंच, आणि तीनही डार्ट होईपर्यंत तसंच राहता येईल इतकंच. एक हात सोडून बाकी अंग हलत असेल तर आधी उभं राहणं सुधरा, डार्ट बदलायच्या मागे नंतर लागा.