ताडोबातील पर्यटकांसाठीचे नियम

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान (१९५५). शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ चे; १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. नाव तारू या गोंड देवावरून आले. वाघाशी झुंजताना तारू मारला गेला, अशी कथा सांगतात. त्याचे ठाणे तलावाकाठी आहे.

नियमांचा पाया वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा. परवान्याशिवाय प्रवेश नाही, शस्त्र नाही, आग नाही. प्राण्याला डिवचणे आणि कचरा टाकणे ही दोन्ही कृत्ये कायद्याने एकाच वाक्यात मना केली आहेत, हे वेफर्सचे रिकामे पाकीट सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीतून सोडणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

सफारीचे बुकिंग आधी ऑनलाइन होते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा ज्या गेटचे बुकिंग असेल तिथूनच आत जायचे, आणि बुकिंगला दिलेले ओळखपत्रच दाखवायचे. झेरॉक्सवर भागेल म्हणून पहाटे निघालेली मंडळी गेटवर अडतात. सोबत गाईड सक्तीचा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या कडक संरक्षण असलेल्या गाभ्यात, मोबाइल वापरता येत नाही. याचे कारण केवळ रिंगटोन नव्हे. वाघ कुठे दिसला हे एका फोनवर कळले की सगळ्या गाड्या तिकडेच धावतात. ठरवून दिलेल्या जागेखेरीज गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही.

खरी कसोटी अंतराच्या नियमाची. सर्वोच्च न्यायालयात कोअरमधल्या पर्यटनाचे प्रकरण सुरू असताना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला, आणि प्राण्यापासून किमान २० मीटर दूर राहायचे. कागदावर हे सोपे आहे. पण मोहर्लीकडच्या डांबरी रस्त्यावर वाघीण समोरून चालत आली, की गाडी मागे घेणे हाच नियम. आणि मागे तर जिप्स्यांची रांग लागलेली. पुढच्याने मागे यायचे तर शेवटच्याने आधी हलले पाहिजे, आणि शेवटच्याला अजून वाघ दिसलेलाच नसतो. "भाऊ, जरा पुढे घ्या ना" हा आग्रह तिथूनच सुरू होतो. कारवाई मात्र बहुधा आधी चालक आणि गाईडवर होते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण व तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांनी घेरले. तिथेही चालक-गाईड निलंबित झाले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

मंगळवारी कोअरमधली सफारी बंद असते. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. बफर, म्हणजे कोअरभोवतीचा पट्टा, त्या काळातही सुरू राहतो, पावसाने रस्ते ठेवले तर.