मीटरची व्याख्या आणि मशिनचा बेड : लेसर मापनामागचा इतिहास

प्रकाशलहरींनी लांबी मोजणे लेसरच्या कितीतरी आधीचे. १८९०च्या दशकात कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाने प्रमाण मीटर मोजून झाला होता. स्लिप गेज, म्हणजे ठराविक मापाचे अचूक ठोकळे, हेही पुढे ऑप्टिकल फ्लॅटखाली (अगदी सपाट काचेखाली) फ्रिंज, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणारे उजळ-काळे पट्टे, पाहूनच तपासले जात.

गुंता झाला १९६० साली. मे महिन्यात पहिला लेसर चालला आणि ऑक्टोबरात मीटर धातूच्या पट्टीवरून सुटून क्रिप्टॉन-८६च्या नारिंगी प्रकाशावर बांधला गेला : १६,५०,७६३.७३ तरंगलांबी म्हणजे एक मीटर. तयारी आधीपासून चाललेली, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा? पण व्याख्या जन्मतःच जुनी झाली, हे खरेच. क्रिप्टॉनचा दिवा उणे २१० अंशांच्या आसपास थंड ठेवायचा आणि मीटरभर अंतरातच त्याच्या फ्रिंज पुसट व्हायच्या. हीलियम-निऑन लेसरच्या फ्रिंज मात्र कित्येक मीटर ठसठशीत. म्हणजे सरस साधनाला दाखला द्यायचा तो कमअस्सल दिव्याने!

सत्तरच्या दशकात दोन मते पडली. एकाचे म्हणणे, लेसरचीच तरंगलांबी व्याख्येत घाला. सोयीचे होते, पण आणखी चांगला लेसर आला की पुन्हा व्याख्या बदला. दुसरे मत, प्रकाशाचा वेगच सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरवून टाका. मग तो वेग मोजायला उरतच नाही, ही कुरकुर झाली. १९८३ साली दुसरे मत स्वीकारले गेले, आणि ते योग्यच होते.

शॉप फ्लोअरवर मात्र लेसर इंटरफेरोमीटर, म्हणजे फ्रिंज मोजून अंतर सांगणारे उपकरण, व्याख्येसाठी थांबला नव्हता. मशिनच्या बेडवर (पायावर) इंटरफेरोमीटर, हत्यार फिरवणाऱ्या स्पिंडलला रिफ्लेक्टर, आणि अक्ष सरकला की दर ०.३१६ मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक फ्रिंज. हवा एक अंशाने तापली तर मीटरमागे सुमारे एक मायक्रॉनची चूक. पोलाद तेवढेच तापले तर अकरा-बारा मायक्रॉनची. त्यामुळे सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशिनच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे माप तपासून जुळवताना, १९८३च्या व्याख्येपेक्षा १९३१ साली ठरलेले २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान, म्हणजे ज्या तापमानाची लांबी खरी धरायची ते, जास्त कामाला येते.

पुढचे सगळे झपाट्याने आले : होलोग्राफीने (लेसरच्या त्रिमितीय चित्रणाने) कंपन पाहणे, कोनावरून अंतर काढणारे ट्रँग्युलेशन सेन्सर, ऐंशीच्या दशकाअखेर मोठ्या जोडणीसाठी हलत्या रिफ्लेक्टरचा माग घेणारा लेसर ट्रॅकर, मग निळ्या प्रकाशाचे स्कॅनर. या स्कॅनरपुढे चकचकीत किंवा काळाभोर पार्ट आला, की अजूनही बऱ्याचदा त्यावर पांढऱ्या पावडरचा स्प्रे मारावा लागतो, आणि त्या थराची जाडी मापात धरावी लागते.