सातवी पास तलाठी ते पदवीधर तलाठी: सीमाभागात पदवीचा भाव कसा बदलत गेला

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गावच्या महसुली कारकुनाला लोक अजून तलाठीच म्हणतात. कर्नाटक सरकारच्या कागदावर तो आधी 'ग्राम लेक्किग' होता, आता 'ग्राम आडळित अधिकारी' आहे. पदवी घेतली की नोकरीत समाधान मिळते का, हा प्रश्न घरोघरी दहावीच्या निकालानंतर निघतो. त्याचे उत्तर शोधायला या एका पदाचा इतिहास पुष्कळ कामाला येतो.

मुंबई इलाख्याच्या काळात सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस तलाठी होत असे, प्राथमिक शाळेचा मास्तरही होत असे. आज तलाठ्याच्या पदाला कर्नाटकात पीयूसी, म्हणजे बारावी, लागते. शिनोळीची सीमा ओलांडून महाराष्ट्रात गेले की कुठल्या तरी शाखेची पदवी लागते. महाराष्ट्राच्या २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. काम मात्र दोन्हीकडे जवळपास एकच: उतारा, फेरफार, पीकपाहणी, पुरानंतरचे पंचनामे, रहिवासाचे नि उत्पन्नाचे दाखले. बीएस्सी फिजिक्स झालेला मुलगा या खुर्चीत बसला, तर तीन वर्षे शिकलेल्यातले त्याला इथे काय वापरायला मिळते? फारसे काही नाही. अट वर चढली, काम जागच्या जागी राहिले. पदवीधरांच्या नाराजीचा मोठा भाग या मधल्या अंतरातून येतो.

हे अंतर सुरुवातीला नव्हते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले आणि २२ पास झाले. १८६२ मध्ये पहिले बीए बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. बेळगाव जिल्हा तेव्हा इलाख्याच्या दक्षिण विभागात होता. मामलेदारी, मुन्सफी, वकिली, हायस्कूलची मास्तरकी एवढीच शिकलेल्याची क्षेत्रे होती आणि शिकलेले त्याहूनही कमी होते. पदवी मिळाली की काम ठरलेले आणि कामाबरोबर मानही ठरलेला, त्यामुळे 'समाधान आहे का' असे कुणी वेगळे विचारत नव्हते.

पदवी मिळवायची तर गाव सोडावे लागे. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० चे, पुण्याचे फर्ग्युसन १८८५ चे, धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ चे, सांगलीचे विलिंग्डन १९१९ चे. बेळगावात सात शिक्षकांनी १९१६ मध्ये केएलई संस्था काढली आणि तिचे लिंगराज कॉलेज १९३३ मध्ये सुरू झाले. कर्नाटक लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय १९३९ चे. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याच्या पणजोबाला बीए व्हायचे असेल तर फीच्या आधी खानावळीचा आणि खोलीचा खर्च पुढे यायचा. आजही पुण्या-बंगळूरला मुलगा पाठवताना फीचा आकडा सगळे विचारतात. खोली, मेस आणि प्रवासाचा हिशेब मात्र नंतर लागतो, आणि तीन-चार वर्षांत तो फीच्या पुढे जाऊ शकतो.

पदवीशिवाय मोठे होण्याचे उदाहरण म्हणून इथे हटकून लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघते. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे तोच विषय मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवला. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. कारखान्याच्या जागेवर नगरपालिकेला वसाहत वाढवायची होती, म्हणून १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. उदाहरण खरे आहे, पण अर्धवट सांगितले जाते. त्यांच्याकडे पदवी नव्हती, ड्रॉइंग मात्र शिकवण्याइतके पक्के होते, आणि अडचणीच्या वेळी जागा नि कर्ज देणारा संस्थानिक पाठीशी होता. यातले पहिले कमावता येते. दुसरे नशिबाचे.

१९५० नंतर चित्र बदलले आणि ते चांगल्या बाजूने बदलले, हे विसरू नये. मुंबई राज्याच्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. गावचे दप्तर एका घराण्याच्या हातून सुटले आणि परीक्षा पास झालेल्याला ते मिळू लागले. ज्या घरात कुणी कचेरीची पायरी चढले नव्हते, तिथे 'शीक आणि पास हो' या वाक्याला वजन आले. आज डिग्रीला नुसता कागद म्हणून हिणवणारे बहुतेक त्या घरांतले नसतात.

मग १ नोव्हेंबर १९५६. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापुरात गेला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. सीमाप्रश्नाचे राजकारण हा वेगळा विषय. नोकरीपुरते पाहायचे तर पदवीचा भाव आता विषयाइतकाच भाषेवर ठरू लागला. १९६३ च्या राजभाषा कायद्याने कन्नड ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची पदवी हातात असलेला मराठी माध्यमातला मुलगा कचेरीत टिपणी लिहिताना अडू लागला. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले आणि अनेकांचे पाय तिकडे वळले. तिकडे भाषेची अडचण नव्हती, रहिवासाची होती.

त्यासाठी महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना सवलत आहे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत विहित नमुन्यातला १५ वर्षे वास्तव्याचा दाखला मागतात. अभियांत्रिकीसारख्या प्रवेशात सीमाभागातल्या शाळेतून दहावी किंवा बारावी आणि मातृभाषा मराठी, असा स्वतंत्र उमेदवारी प्रकार आहे. चूक होते ती बहुधा क्रमात. मुले आधी परीक्षा देतात, निकाल लागल्यावर दाखल्यामागे धावतात आणि कागदपत्र तपासणीची तारीख टळते. आपले गाव यादीत कोणत्या नावाने आहे आणि शाळेच्या दाखल्यावर कोणत्या नावाने आहे, हे अर्ज भरण्याआधी ताडून पाहावे. २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाल्यापासून जुन्या-नव्या कागदांवर दोन नावे दिसतातच.

दरम्यान पदव्या घरापाशी आल्या. १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, १९७९ मध्ये गोगटे अभियांत्रिकी, १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ. पदवीधर भराभर वाढले, पदवी लागेल अशी कामे त्या वेगाने वाढली नाहीत. अशा वेळी मालक पदवीचा उपयोग चाळणीसारखा करतो. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हेच मांडले: पदवीत काय शिकवले त्यापेक्षा, ती पुरी करणारा माणूस चिकाटीचा असावा, हा इशारा मालकाला मिळतो. सगळ्यांकडे पदवी आली की इशारा फिका पडतो आणि चाळणीची जाळी आणखी बारीक होते. महाराष्ट्रात तलाठ्याची अट सातवीवरून पदवीवर गेली, त्यामागे हेही एक कारण धरायला हवे.

आता समाधान. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये मांडणी केली. पगार, साहेब, कामाची जागा, कंपनीचे नियम हे वाईट असले की माणूस वैतागतो, पण चांगले असले म्हणून खूश होतोच असे नाही. खुशी येते ती काम जमल्याने, ते कुणीतरी ओळखल्याने, जबाबदारी मिळाल्याने. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, पण बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ती पडताळून पाहता येते.

तिथल्या फाउंड्रीतले, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातले, साधे उदाहरण घ्या. 'हिरव्या', म्हणजे ओलसर, वाळूच्या साच्यात सिलिका वाळू, बेंटोनाइट ही चिकण माती, कोळशाची पूड आणि पाणी असते. ओलावा साधारण ३ ते ४ टक्के ठेवायचा. जास्त झाला तर १,४०० अंशांच्या आसपास तापलेला रस ओतताना वाफ अडकते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळी, राहते. कमी झाला तर साच्याची कड ढासळते आणि वाळूचे कण धातूत शिरतात. वाईट असे, की आतले ब्लोहोल फाउंड्रीत दिसत नाही, गिऱ्हाइकाकडे मशीनिंग करताना उघडे पडते आणि लॉट परत येतो. जुना मोल्डर वाळू मुठीत दाबून बघतो. बोटांचे ठसे नीट उठले आणि गोळा मधोमध स्वच्छ तुटला तर वाळू जमली. प्रयोगशाळेत हेच मोजून आकड्यात येते.

इथे आयटीआयवाला मोल्डिंगला असतो, डिप्लोमावाला शिफ्टवर आणि बीई झालेला पुष्कळदा रिजेक्शनचे तक्ते भरत असतो. ज्याला वाळूचे प्रमाण बदलून पुढच्या हीटला, म्हणजे रसाच्या पुढच्या घाण्याला, फरक पाहता येतो, त्याला काम लागलेले असते, मग शिक्षण कोणतेही असो. बीईवाल्याला तक्त्यातल्या आकड्यावरून मिश्रण बदलण्याचा अधिकार मिळाला तर त्याचे धातुशास्त्र खरोखर कामी येते. नाही मिळाला तर दोन वर्षांत तो पुण्याचे नाहीतर आयटीचे तिकीट काढतो. म्हणून पहिल्या नोकरीला होकार देताना पगाराबरोबर एक प्रश्न विचारून घ्यावा: दोष सापडला तर प्रक्रिया कोण बदलतो?

पदवी आधी घ्यायची की नंतर, हाही निवडीचा भाग आहे आणि त्याचा हिशेब सोपा आहे. दहावीनंतर पीयूसी दोन वर्षे आणि बीई चार, एकूण सहा. दहावीनंतर डिप्लोमा तीन, मग डिप्लोमा सीईटी देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षाला लॅटरल, तीन वर्षे, तीही सहाच. फिटर, टर्नर, मशिनिस्टसारखा दोन वर्षांचा आयटीआय, मग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, मग बीई: सात. एका वर्षाच्या फरकात हातात एक धंदा येतो आणि मध्ये कुठेही थांबून कमावता येते. मराठी माध्यमातून थेट इंग्रजी पीयूसी सायन्सला गेलेला मुलगा पहिल्या वर्षी जिथे गडबडतो, तो धक्का इथे थोडा पसरून बसतो. अडचण गणिताची. लॅटरलने आलेल्यांना विश्वेश्वरय्या विद्यापीठाने गणिताचे जादा पूरक विषय लावले ते याचसाठी, आणि ते साचवले की पदवी अडकते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षापासूनच कॅल्क्युलस धरावे.

साध्या बीए-बीकॉमचे गणित अलीकडे आणखी गुंतले. कर्नाटकाने २०२१-२२ पासून चार वर्षांची ऑनर्स रचना आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांवर आली. एकाच घरातल्या दोन भावंडांच्या पदव्या वेगळ्या रचनेच्या असू शकतात. पुढे एमए किंवा बीएडला जाताना कोणत्या वर्षीच्या नियमाखाली आपण बसतो, ते कॉलेजच्या ऑफिसातून लेखी घ्यावे.

देशाचे आकडे बोचरे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. यावरून पदवीने बेकारी येते असा अर्थ काढणे चूक आहे. निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला थोडे दिवस पोसते. जानेवारी २०२४ पासून कर्नाटकाची युवानिधी योजना तर बेकार पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५०० रुपये देते, जास्तीत जास्त दोन वर्षे. 

उलट दिशेने येणारी वाटही बेळगावला ओळखीची आहे, कारण मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र इथेच आहे. पंधरा वर्षे नोकरी केलेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्राच्या क गटातल्या, पदवी लागणाऱ्या बऱ्याच जागांसाठी पदवीधर धरतात. अग्निवीरांसाठी इग्नूची जी पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे. इथे काम आधी येते आणि पदवी त्याच्या मागून.

आणि तलाठी? कर्नाटकाने २०२४ मध्ये या पदाच्या १,००० जागा काढल्या. पदवीधरांनाही अर्ज करता येत होता, पण पदवीला जादा गुण नव्हते. सगळ्यांच्या वाटेत आधी १५० गुणांचा सक्तीचा कन्नड पेपर होता. त्यात ५० मिळाले तरच पुढे.