बी.एड.ला अर्ज करताना: दोन अर्ज, कागदांची फाइल आणि खर्चाचा खरा हिशेब

बी.एड.च्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात दोन अर्ज भरावे लागतात, आणि दरवर्षी काही मुलं पहिला भरून निवांत बसतात. पहिला अर्ज सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा. दुसरा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात. दोन्ही राज्य सीईटी कक्षाकडेच भरायचे असल्यामुळे घोळ होतो. परीक्षा दिली, गुण चांगले पडले, आता कॉलेजचा निरोप येईल अशी वाट बघत मुलं बसतात आणि कॅपच्या नोंदणीची तारीख निघून जाते. सीईटीत ७० गुण मिळवलेली एक मुलगी अशीच जुलैच्या शेवटी माझ्याकडे आली होती. तोवर गुणवत्ता यादीही लागून गेली होती. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: सीईटी ही फक्त परीक्षा आहे. प्रवेशाचा अर्ज त्यानंतर, वेगळा, नव्याने भरायचा असतो.

गेल्या काही वर्षांत परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास होते आणि कॅपची नोंदणी पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होते. मधले दोन-तीन महिने कागदपत्रांसाठी वापरायचे. ते कसे, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कोणाला अर्ज करता येतो

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या २०१४च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं. कला, विज्ञान, सामाजिक शास्त्रं अशा विषयांतल्या पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांतल्या उमेदवारांना ही अट ४५ टक्के आहे. विज्ञान आणि गणित घेऊन अभियांत्रिकी केलेल्यांना ५५ टक्के लागतात.

यातल्या ‘किंवा’कडे नीट बघा. बी.ए.ला ४७ टक्के पडले म्हणून कित्येक जण बी.एड.चा विचारच सोडून देतात, आणि घरात एम.ए.ची ५६ टक्क्यांची गुणपत्रिका पडून असते. ती चालते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही सीईटी देता येते, फक्त प्रवेशाच्या वेळी निकाल हातात लागतो.

परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची, संगणकावर. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी माध्यमाच्या अध्यापक महाविद्यालयात जायचं असेल तर ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणीही द्यावी लागते, आणि तिची निवड सीईटीचा अर्ज भरतानाच करायची असते. आपल्याला मराठी माध्यमातच शिकवायचं आहे हे पक्कं असेल तर तिची गरज नाही. जराही शंका असेल तर देऊन टाका. नंतर ती वाट उघडत नाही.

कागदांची फाइल

प्रवेश बहुतेक वेळा अडतो तो गुणांपायी नाही, कागदांपायी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सही हे सगळ्यांना लागतं. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतराचं पत्र आणून ठेवा. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र तहसीलमधून, सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून मिळतं.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मनात पक्कं धरावं. पहिलं उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतं. दुसरं, ज्याला बोलताना सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात, ते पडताळणी समितीकडून मिळतं आणि त्याला वेळ लागतो. वडिलांकडचे जुने दाखले, आजोबांच्या शाळेचा उतारा असं काय काय शोधावं लागतं. काही वर्षी पडताळणीच्या अर्जाची पावती जोडून तात्पुरती मुभा मिळते, पण ठरलेल्या तारखेला मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर उमेदवाराला खुल्या प्रवर्गात टाकलं जातं. तेव्हा पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की पडताळणीचा अर्ज टाकून द्यावा.

अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्या मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याच्यावर मुदत छापलेली असते, ३१ मार्चपर्यंतची. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय ते वर्ष संपेल त्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजसाठी काढलेलं फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बाहेर काढून तारीख वाचा. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्राचंही तसंच. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असण्याची अट आहे आणि कागद चालू काळाचाच लागतो.

सगळ्यात छळणारी गोष्ट नावाची. माझ्यासमोर टेबलावर एका विवाहितेचे कागद होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, पदवीवर तेच, पण वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं, आधारवर सासरचं नाव, आणि नॉन-क्रिमीलेअर आधारवरून काढलेलं. चार कागद, तीन नावं. ऑनलाइन तपासणी करणाऱ्याने अर्ज परत पाठवला होता आणि दुरुस्तीला दोनच दिवस होते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद तिच्याकडे होती, पण ती जोडायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं. जोडली, आणि अर्ज मान्य झाला. तुमचे सगळे कागद एका रांगेत मांडा आणि फक्त नाव वाचत जा. जिथे अक्षर फिरलंय तिथे काय पुरावा आहे ते आजच बघा.

कॅपमध्ये काय काय होतं

नोंदणी करायची, कागद स्कॅन करून चढवायचे, शुल्क भरायचं. मग कागदांची ऑनलाइन तपासणी होते. या काळात रोज लॉगिन करून बघा, कारण त्रुटीचा शेरा तिथेच येतो. तात्पुरती गुणवत्ता यादी, त्यावर हरकती, अंतिम यादी, कॉलेजांचा पसंतीक्रम, फेरीनिहाय जागावाटप आणि शेवटी कॉलेजात जाऊन प्रवेश निश्चिती, असा क्रम असतो. तात्पुरत्या यादीत प्रवर्ग, टक्केवारी, विद्यापीठ यांपैकी काहीही चुकलं असेल तर हरकतीच्या मुदतीतच सांगायचं. अंतिम यादीनंतर ऐकणारं कोणी नसतं.

पसंतीक्रम भरताना एक नियम जिवाभावाने पाळा: ज्या कॉलेजात जाणार नाही ते यादीत घालू नका, आणि पहिल्या क्रमांकावर खरोखर हवं तेच कॉलेज ठेवा. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावी लागते. मैत्रिणीने लिहिलं म्हणून तुम्हीही तेच पहिलं लिहिलं, तर तिचं गाव आणि तुमचं गाव वेगळं आहे हे प्रवेश झाल्यावर कळून उपयोग नाही.

फी म्हणजे खर्च नव्हे

हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण इथेच घरं कर्जात जातात.

विनाअनुदानित खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५च्या कायद्याने ही व्यवस्था आली. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येते. कॉलेजच्या कार्यालयात तोंडी सांगितलेला आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसला तर लेखी विचारा. पावतीशिवाय मागितलेली रक्कम, मग तिला इमारत निधी म्हणोत की देणगी, देऊ नका. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. शासकीय आणि अनुदानित कॉलेजांत फी बरीच कमी असते. मुंबईचं १९०६ सालचं शासकीय अध्यापक महाविद्यालय, जुने लोक ज्याला एसटीसी म्हणतात, ते याच प्रकारातलं. जागा थोड्या, चुरस जास्त, पण गुण बरे असतील तर अशी कॉलेजं यादीत वर ठेवायला काहीच हरकत नाही.

यापुढचा मुद्दा तर फार थोड्यांना माहीत असतो. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांचा खर्च वेगळा असू शकतो, कारण एकाला जागा कॅपमधून मिळालेली असते आणि दुसऱ्याला संस्थास्तरावर, म्हणजे थेट कॉलेजकडून. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतींसाठी प्रवेश कॅपमधून झालेला लागतो. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. तीही संस्थास्तरावरच्या प्रवेशाला लागू नाही. ‘फेऱ्यांच्या भानगडीत कशाला पडता, आमच्याकडे थेट प्रवेश घ्या’ असं कोणी गोड बोलून सांगितलं, तर त्या गोड बोलण्याची किंमत दोन वर्षांची सवलत असू शकते. थेट प्रवेश घेण्याआधी आपल्या प्रवर्गाला, आपल्या उत्पन्नाला कोणती योजना लागू होते ते महाडीबीटीवर बघा आणि कॅपच्या फेऱ्या पूर्ण होऊ द्या.

आता वहीत दोन रकाने पाडा. समजा, जवळच्या तालुक्याच्या कॉलेजची फी वर्षाला ४५ हजार आहे आणि शहरातल्या कॉलेजची २५ हजार. शहरातलं स्वस्त वाटतं. पण एनसीटीईच्या नियमानुसार वर्षाला किमान २०० दिवस कामाचे असतात. तालुक्याला जायला-यायला ५० रुपये धरले तर २०० दिवसांचे १० हजार. शहरात खोली आणि मेस मिळून महिन्याला ६ हजार धरले तर दहा महिन्यांचे ६० हजार. एकीकडे वर्षाला ५५ हजार, दुसरीकडे ८५ हजार. दोन वर्षांत ६० हजारांचा फरक, तोही ‘महागड्या’ कॉलेजच्या बाजूने. एसटीचा विद्यार्थी पास काढला किंवा महिलांसाठीचं निम्मं तिकीट धरलं तर प्रवास आणखी स्वस्त पडतो. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण रकाने पाडल्याशिवाय पसंतीक्रम भरू नका.

सध्या नोकरी करत असाल तर सुटणारा पगारही त्या रकान्यात लिहा. बी.एड. पूर्णवेळ आहे. वर्गाला आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, आणि शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळाला ९० टक्के हजेरी लागते. ‘फक्त परीक्षेला या’ असं म्हणणाऱ्या जागांपासून दूर राहा. तिथे दोन वर्षांची फी जाते आणि पहिल्यांदा फळ्यासमोर उभं राहायची वेळ थेट नोकरीत येते.

आपल्याला जुळणारं कॉलेज कसं ओळखायचं

एनसीटीईची मान्यता आहे ना, विद्यापीठाची संलग्नता चालू आहे ना, हे पहिल्यांदा तपासा. मग अध्यापन पद्धती विचारा, म्हणजे ज्या विषयांची ‘मेथड’ तुम्हाला मिळणार ते विषय. गणित घेऊन पदवी केली आणि कॉलेजात गणिताची मेथड शिकवणारं कोणी नाही, तर त्या कॉलेजचा तुम्हाला उपयोग काय? वाणिज्य शाखेच्या मुलांनी जास्त विचार करावा. नववी-दहावीला वाणिज्य हा विषयच नाही. त्यांच्या नोकऱ्या मुख्यतः अकरावी-बारावीला, आणि तिथे एम.कॉम.सोबत बी.एड. लागतं.

पहिली ते पाचवीला शिकवायचं स्वप्न असेल तर बी.एड.चा अर्ज भरूच नका. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ला बी.एड. ही प्राथमिकची पात्रता नाही असा निकाल दिला. तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. सहावी ते आठवीसाठी बी.एड.बरोबर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर, आणि सरकारी-अनुदानित शाळांतल्या भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. ही सगळी वाट समजून घेऊन मग दोन वर्षं द्या.

आणि कॉलेज प्रत्यक्ष बघून या. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. सराव पाठ कोणत्या शाळांत होतात, त्या शाळा कॉलेजपासून किती लांब आहेत, पाठ चालू असताना मागच्या बाकावर प्राध्यापक बसतात का, हे शेवटच्या वर्षाच्या छात्राध्यापकांना, म्हणजे तिथे बी.एड. करणाऱ्यांना विचारा. त्यांची पाठ टाचणाची, म्हणजे पाठाचं नियोजन लिहिण्याची वही मागून बघा. मी एका कॉलेजात अशी वही पाहिली होती. प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईत काही ना काही लिहिलेलं होतं. ‘फळ्याकडे पाठ करून बोललात.’ ‘मागच्या रांगेतल्या मुलीने हात वर केला होता.’ दुसऱ्या एका ठिकाणी तीस पाठांच्या वहीत प्रत्येक पानावर फक्त सही होती. फी दोन्हीकडे जवळपास सारखीच.

प्रवेश घेतल्यावर मन बदललं तर ठरलेल्या कट-ऑफ तारखेच्या आत लॉगिनमधून रीतसर रद्द करा. थोडं प्रक्रिया शुल्क कापून फी परत मिळते. तुमची मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा कॉलेजला अधिकार नाही, यूजीसीने २०१८लाच तसं बजावलं आहे. मूळ कागद द्यावे लागलेच तर पोचपावती घ्या, आणि देण्याआधी प्रत्येकाची स्वच्छ स्कॅन प्रत स्वतःकडे ठेवा.